जुन्या बुलेटची बॅटरी वारंवार का उतरते : चार्जिंगमधला दोष शोधण्याची रीत

प्रश्न असा आहे : 1990 च्या दशकातली, ओतीव लोखंडी इंजिनाची, सीबी पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच) असलेली आणि किकवर सुरू होणारी 12 व्होल्टची बुलेट 350 चिपळूणमध्ये रोजच्या वापरात आहे. नवी बॅटरी बसवली की दोन-तीन आठवडे सगळे ठीक चालते. मग हॉर्नचा आवाज बसतो, इंडिकेटर लुकलुकायचे थांबतात आणि सकाळी किक मारून मारून पाय भरून येतो. हेडलाइट मात्र गाडी चालू असताना चांगला पडतो. आतापर्यंत दोन बॅटऱ्या आणि एक आरआर युनिट (रेक्टिफायर-रेग्युलेटर, म्हणजे एसी करंटचा डीसी करून व्होल्ट आवरणारा भाग) बदलून झाले आहे. आता मेकॅनिकने स्टेटर (वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा न फिरणारा, तारेच्या गुंडाळण्यांचा भाग) बदलायला सांगितले आहे आणि तो खर्च करावा का, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की तो खर्च आत्ता करू नये. चार्जिंगच्या साखळीतला कोणताही भाग मोजमाप न करता बदलणे म्हणजे केवळ अंदाजावर पैसे घालवणे आहे आणि आपल्या बाबतीत ते तीनदा घडले आहे. साधारण बऱ्या प्रतीचा डिजिटल मल्टिमीटर, एक जादा 12 व्होल्टचा बल्ब आणि सुट्टीची एक सकाळ एवढ्या भांडवलावर हा दोष सापडायला हवा.

सुरुवात हेडलाइटपासून करू, कारण आपण सांगितलेल्यापैकी सर्वांत उपयोगी माहिती तीच आहे. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा आणि हेडलाइट लावून पाहा. तो लागला नाही, तर आपल्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट अल्टरनेटरच्या एसी करंटवर चालतो. अशा मांडणीत स्टेटरवर दिव्यासाठी एक आणि बॅटरी चार्ज करण्यासाठी दुसरे, अशी वेगळी गुंडाळणी असते, पण दोन्हींच्या मध्ये फिरणारा चुंबकी रोटर एकच असतो. हेडलाइट चांगला पडतो, याचा अर्थ रोटरचे चुंबक शाबूत आहे. मग उरलेले संशयित चारच : चार्जिंगची गुंडाळणी, तिच्या बाहेर येणाऱ्या तारा, आरआर युनिट आणि तिथून बॅटरीपर्यंतचा रस्ता. हेडलाइट इंजिन बंद असतानाही लागला, तर तो बॅटरीवर आहे आणि ही सूट आपल्याला मिळणार नाही. तीस वर्षांच्या गाडीची वायरिंग कोणी कोणी, किती वेळा बदललेली असते, त्यामुळे तारांच्या रंगांवर विसंबू नये. कोणती तार कुठे जाते हे स्वतः मीटर लावून ठरवावे.

मीटरबद्दलही दोन शब्द सांगतो. मल्टिमीटरमधला सेल उतरला असेल तर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त व्होल्ट दाखवतो आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवर 16 चा आकडा पाहून माणूस भलत्याच वाटेला लागतो. तसेच, रेझिस्टर नसलेला प्लग आणि तशीच प्लग कॅप असेल तर ठिणगीच्या गोंगाटामुळे स्वस्त डिजिटल मीटरचे आकडे वेडेवाकडे उड्या मारतात. अशा वेळी रेझिस्टरची कॅप लावून वाचन घ्यावे किंवा काट्याचा जुना मीटर वापरावा.

पहिली तपासणी बॅटरीची, कारण खराब बॅटरीवर घेतलेले पुढचे प्रत्येक वाचन फसवे असते. बॅटरी गाडीतून काढून बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा. चार्जिंगचा करंट तिच्या अँपिअर-अवरच्या एक दशांश असावा, म्हणजे 5 अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. मग ती रात्रभर काहीही न जोडता ठेवा आणि सकाळी व्होल्ट मोजा. 12.6 ते 12.8 व्होल्ट आले तर ती भरलेली आहे. 12.4 म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, 12.2 म्हणजे जेमतेम निम्मी. रात्रभरात आकडा 10.5 च्या आसपास उतरला असेल, तर सहापैकी एक सेल गेला आहे आणि ती बॅटरी कोणत्याही चार्जिंगने सुधारणार नाही. ॲसिडची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल वेगळा तपासावा. एखाद्या सेलचे वाचन इतरांपेक्षा बरेच कमी असेल, तर व्होल्ट ठीक दिसत असूनही ती बॅटरी भरवशाची नाही. त्यानंतर बॅटरीला 35 वॅटचा बल्ब जोडून पाच मिनिटे ठेवा. हा बल्ब सुमारे 3 अँपिअर ओढतो. तेवढ्यातच व्होल्ट भराभर घसरून 11 च्या खाली गेले, तर बॅटरीच्या आत काही उरलेले नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून विचारतो. त्या दोन्ही नव्या बॅटऱ्या कशा बसवल्या गेल्या? कोरड्या स्वरूपात आलेल्या बॅटरीत ॲसिड भरल्यावर तिला अर्धा तास तरी मुरू द्यावे लागते आणि मग मंद करंटवर काही तास पहिले चार्जिंग करावे लागते. पुष्कळ दुकानांत ॲसिड ओतून दहा मिनिटांत बॅटरी गाडीत बसवून दिली जाते. अशी बॅटरी पहिल्या दिवसापासून अर्धपोटी राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो आणि निरोगी चार्जिंग असलेल्या गाडीतही ती लवकर मरते. पाण्याची पातळी उतरल्यावर वरून पुन्हा ॲसिड ओतण्याची खोड हेही बॅटरीच्या अकाली मृत्यूचे एक कारण आहे. वरून फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

बॅटरी चांगली ठरली की ती गाडीत बसवा, इंजिन चालू करून गरम होऊ द्या आणि बॅटरीच्या दोन्ही पोलवर मीटर धरून थ्रॉटल हळूहळू वाढवा. मध्यम वेगाला, म्हणजे साधारण 3000 आरपीएमच्या पुढे, 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. आयडलला 12.5 च्या आसपास आकडा असेल तर घाबरू नका. या इंजिनाच्या संथ आयडलला त्या काळातला अल्टरनेटर फारसे देतच नाही. आकडा वाढतच नसेल तर चार्जिंग बॅटरीपर्यंत पोहोचत नाही. 13.1 किंवा 13.2 ला येऊन अडकत असेल तर चार्जिंग होते आहे, पण अपुरे. आपण सांगितलेली लक्षणे, म्हणजे दोन-तीन आठवडे तग धरणे आणि मग हळूहळू बसणे, मला या तिसऱ्या प्रकारची वाटतात, कारण चार्जिंग अजिबात नसते तर पॉइंटची बुलेट एवढे दिवस चाललीच नसती. तिची कॉइल बॅटरीवरच जगते.

बुलेटच्या हेडलॅम्पच्या कास्केटवरचा (दिव्याभोवतीच्या कव्हरवरचा) अ‍ॅमीटर, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणारा काटा, या कामी फार मोलाचा आहे, पण तो नीट वाचता यायला हवा. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल सुमारे 3 ते 4 अँपिअर ओढते आणि काटा वजाकडे जातो. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून किक हळू खाली नेली की पॉइंट उघडताक्षणी काटा मध्यावर परततो. पिस्टन वर आला आहे का, हे पाहण्यासाठी बुलेटवाले हीच खूण वापरतात. ही हालचाल दिसली नाही, तर अ‍ॅमीटर जळालेला आहे किंवा कोणीतरी तो बाजूला ठेवून तारा परस्पर जोडल्या आहेत. तो जिवंत असेल, तर किक मारल्यानंतर काटा अधिकाकडे झुकतो आणि बॅटरी भरत आली की पुन्हा मध्याजवळ स्थिरावतो. हा मध्यावर आलेला काटा पाहून ‘चार्जिंग बंद पडले’ असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. थकलेली बॅटरी असतानाही काटा मध्यावरच राहिला, तरच काळजी करावी.

आता मुख्य मुद्दा. माझ्या अनुभवात जुन्या गाड्यांच्या अपुऱ्या चार्जिंगमागे स्टेटर किंवा आरआर युनिटपेक्षा जोडण्यांचा दोष कितीतरी अधिक वेळा निघतो. आरआर युनिट आपल्या स्वतःच्या तोंडाशी असलेले व्होल्ट पाहून काम करते, बॅटरीच्या पोलवर काय चालले आहे हे त्याला दिसत नाही. समजा, युनिटपासून बॅटरीपर्यंतच्या रस्त्यात एखाद्या गंजलेल्या कपलरमुळे (तारा जोडणाऱ्या प्लगमुळे), ढिल्या फ्यूज होल्डरमुळे किंवा अ‍ॅमीटरच्या मागच्या काळवंडलेल्या नटामुळे केवळ पाव ओहमचा अडथळा तयार झाला आहे. त्यातून 4 अँपिअर वाहू लागले की बरोबर 1 व्होल्ट वाटेत खर्च होतो. युनिटला स्वतःच्या तोंडाशी 14.2 दिसतात, ते ‘बॅटरी भरली’ असे समजून जादा करंट अर्थकडे, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीकडे, वळवते आणि प्रत्यक्षात बॅटरीला 13.2 व्होल्टच मिळतात. ती कधीच पूर्ण भरत नाही आणि काही आठवड्यांत तिच्या प्लेटा कडक होतात. अशा गाडीत नवे युनिट बसवले तरी ते जुन्यासारखेच वागणार आणि नवा स्टेटर बसवला तरी बॅटरीला फार फरक पडणार नाही, कारण करंटची कमतरता नाहीच.

हा पाव ओहम मीटरच्या ओहमच्या खुणेवर सापडत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा 0.2 ते 0.3 ओहम असतो. तो करंट वाहत असतानाच पकडावा लागतो. इंजिन मध्यम वेगाला ठेवून, टेललाइट आणि बॅटरीवर चालणारे इतर दिवे लावून, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक आरआर युनिटच्या अधिक तारेवर, कपलरच्या मागून आत सुई घालून, आणि दुसरे बॅटरीच्या अधिक पोलवर धरा. पोलवरच्या क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या पोलवर. 0.2 व्होल्टपर्यंत फरक चालतो. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला, तर चोर या तारेत आहे. मग एक टोक तिथेच ठेवून दुसरे टोक एकेका जोडापाशी सरकवत आणा. ज्या जोडापाशी आकडा एकदम बदलतो, तो जोड दोषी. हीच तपासणी अर्थच्या बाजूनेही करा : आरआर युनिटची पत्र्याची बॉडी आणि बॅटरीचा वजा पोल. तिथेही 0.2 च्या वर जाता कामा नये.

अर्थच्या बाजूचा दोष सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो आणि अलीकडे तो वाढला आहे, याचे कारण रिस्टोरेशन. फ्रेमला पावडर कोटिंग केल्यावर नटबोल्टाच्या जागा खरवडून उघड्या न करता सगळे परत बसवले जाते. बॉडीतून अर्थ घेणारे आरआर युनिट त्या जाड थरावर बसते आणि त्याचा अर्थ जेमतेम बोल्टच्या आट्यांमधून मिळतो. आपल्या गाडीला असे रंगकाम झाले असेल तर मी सर्वांत आधी तिथे पाहीन. उपाय सोपा आहे : बोल्टखालचा पत्रा चकचकीत घासा, दातेरी वॉशर घाला आणि युनिटच्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या वजा पोलपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी तार टाका. जुन्या तारेचे टोक कापल्यावर तांबे काळे निघाले, तर ते चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जावे. काळ्या तांब्यावर डाग (सोल्डर) धरत नाही आणि क्रिंपही टिकत नाही. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात आणि खाऱ्या हवेत ही काळजी इतरांपेक्षा आपल्याला जास्त घ्यावी लागेल. तपकिरी पडलेला, कडेने वितळल्यासारखा कपलर साफ करून पुन्हा वापरू नका. आतल्या पितळी पट्टीचा ताण गेलेला असतो आणि ती पुन्हा तापते.

या तपासण्यांत काहीच निघाले नाही, तर खर्चाच्या बाजूचा हिशेब मांडावा. ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब सुमारे पावणेदोन अँपिअर खातो. मागच्या ब्रेकच्या पॅडलचा स्विच अडकून तो दिवा सतत जळत असेल, तर चालवणाऱ्याला ते दिसतही नाही आणि संथ शहरी चालीत चार्जिंगचा मोठा वाटा तिथेच संपतो. कोणाला तरी गाडीमागे उभे करून हे एका मिनिटात पाहता येते. पुढे जादा लावलेले एलईडी दिवे, मोठे हॉर्न, बॅटरीवर घेतलेला 55/60 वॅटचा हॅलोजन हे सगळे त्या काळच्या अल्टरनेटरच्या ताकदीत गृहीत धरलेले नव्हते. चावी चालू ठेवून गाडी उभी करण्याची सवय पॉइंटच्या बुलेटला विशेष घातक आहे. पॉइंट मिटलेले राहिले तर 3-4 अँपिअर कॉइलमधून वाहत राहतात, बॅटरी तास-दोन तासांत उतरते आणि कॉइलही तापून जाते.

गाडी उभी असताना करंट गळतो का, हेही पाहून घ्यावे. चावी बंद करून बॅटरीची वजा तार सोडवा आणि पोल व तार यांच्यामध्ये मीटर अँपिअरच्या खुणेवर जोडा, सुरुवातीला 10 अँपिअरच्या मोठ्या खाचेतून. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही किंवा किक मारायची नाही. घड्याळ, अलार्म वगैरे काही नसलेल्या या गाडीत वाचन शून्याजवळच हवे. 50 मिलिअँपिअर आकडा छोटा वाटतो, पण चोवीस तासांत तो 1.2 अँपिअर-अवर होतो, म्हणजे 5 अँपिअर-अवरची बॅटरी चार-पाच दिवसांत रिकामी. गळती निघाली तर आरआर युनिटची अधिक तार सोडवून पुन्हा पाहा. गळती थांबली तर युनिटमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलट दिशेने गळतो आहे.

आता स्टेटर. प्रायमरी केस (इंजिनाच्या बाजूचे, स्टेटर आणि प्रायमरी चेन झाकणारे कव्हर) उघडण्याआधी चार्जिंगच्या गुंडाळणीच्या दोन तारा बाहेर सोडवा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालवा. व्होल्ट थ्रॉटलबरोबर सलग चढत जायला हवेत. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलनुसार बदलतो, पण चढण सलग असणे महत्त्वाचे. याच तारांवर मग 12 व्होल्ट 35 वॅटचा बल्ब जोडा. मोकळ्या अवस्थेत व्होल्ट चांगले दाखवणारी, पण आतून काही वेढे शॉर्ट झालेली गुंडाळणी बल्बचा भार पडताच कोसळते. निरोगी गुंडाळणीवर बल्ब वेगाबरोबर उजळतो. जास्त रेस करू नका, बल्ब उडेल. ही तपासणी थंड इंजिनावर एकदा आणि वीस-पंचवीस मिनिटे फिरवून आणल्यावर पुन्हा करा, कारण इन्सुलेशनचा दोष अनेकदा उष्णतेतच उघड होतो.

गुंडाळणी आणि अर्थ यांच्यामध्ये संबंध नसावा, असा नियम सर्रास सांगितला जातो, पण तो सगळ्या गाड्यांना लागू नाही. जुन्या स्प्लेंडरसारख्या हाफ-वेव्ह (एसीची अर्धीच लाट चार्जिंगला वापरणाऱ्या) गाड्यांत गुंडाळणीचे एक टोक कारखान्यातूनच अर्थला जोडलेले असते. त्या गाड्यांत मीटरने ‘बीप’ केले म्हणून चांगली मॅग्नेट प्लेट, म्हणजे स्टेटर, टाकून दिलेली मी पाहिली आहे. आपल्या गाडीत चार्जिंगच्या दोन्ही तारा स्वतंत्रपणे बाहेर येत असतील आणि तरीही त्यांचा केसशी संबंध दिसत असेल, तर मात्र दोष आहे. बुलेटमध्ये त्याची नेहमीची जागा म्हणजे प्रायमरी केसमधून तार बाहेर पडते ते रबरी ग्रोमेट. तिथे तेलाने कडक झालेले आवरण तडकते किंवा नीट न बांधलेली तार प्रायमरी चेनला घासते. गुंडाळणी शाबूत असताना केवळ तारेसाठी पूर्ण स्टेटर बदलण्याचे कारण नाही.

आरआर युनिट मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. डायोडच्या खुणेवर सरळ दिशेने 0.4 ते 0.7 व्होल्ट आणि उलट दिशेने काहीच न दिसणे, एवढ्याने त्यातला रेक्टिफायरच तपासला जातो. रेग्युलेटरचा भाग गाडीवर, चांगल्या बॅटरीसोबतच कळतो. वर सांगितलेल्या जोडण्या निर्दोष असून आकडा 15 च्या वर जात असेल, बॅटरीतले पाणी भराभर आटत असेल आणि बल्ब उडत असतील, तर युनिट खराब आहे. युनिट चालते का हे पाहण्यासाठी चालू गाडीची बॅटरी काढण्याची जी रीत आहे, ती कृपया होऊ देऊ नका. बॅटरी नसताना व्होल्टला धरबंध राहत नाही आणि चांगले युनिटही त्यात जाते.

एवढे करूनही स्टेटरच दोषी ठरला, तर बसवताना एका गोष्टीवर स्वतः लक्ष ठेवा. रोटर आणि स्टेटर यांच्यातली फट सगळीकडून किमान आठ थाऊ, म्हणजे सुमारे 0.2 मिलिमीटर, असावी. तेवढ्या जाडीची फीलर पट्टी पूर्ण घेरात मोकळी फिरली पाहिजे आणि रोटर फिरवून ती पुन्हा तपासली पाहिजे. एका बाजूला घासणारा रोटर नवा स्टेटरही खातो आणि त्याचा कीस प्रायमरीच्या तेलात उतरतो. काढलेल्या जुन्या तेलात चकाकणारी पूड दिसली, तर आधी स्टेटरचे स्टड आणि क्रँकची बेअरिंग तपासून घ्या आणि मगच नवा भाग बसवा.